टेपरावांचा पहिला खुलासा

इतरांच्या घरी कपाट उघडलं की अंगावर कपडे पडतात. टेपरावांच्या घरी अंगावर माजी महापौर पडत. त्यांच्या मागोमाग दोन कुस्तीगीर, एक जादूगार आणि बस कामगारांचे संपावर गेलेले पुढारी. सगळे आपापल्या कॅसेटमध्ये, बुटांच्या जुन्या खोक्यांत, दाटीवाटीनं राहत.

टेपराव हे त्यांचं नाव अर्थातच नव्हतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे तसं म्हणत, कारण घेतलेल्या मुलाखतीची टेप त्यांनी जन्मात कधी फेकली नाही. बाकीचे बातमीदार बातमी छापून आली की टिपणं फाडून मोकळे. खुद्द संपादकांचाच तसा हुकूम होता. "छापलं की फाडा," ते म्हणत. "कागद उरला की त्याच्या वासावर वकील येतो." टेपराव मान डोलवत आणि टेप खिशात घालून घरी नेत.

घरी बायकोचा जीव मेटाकुटीला आला होता. "अहो, माणसं कपाटात कपडे ठेवतात. आपल्याकडे मंत्र्यांना जागा आहे, माझ्या शालीला नाही."

"अगं, उद्या कुणी म्हणालं, मी असं बोललोच नाही, तर?"

"आजवर कुणी म्हणालंय?"

इथे टेपरावांची छाती फुगे. आजवर कुणी म्हणालं नव्हतं. कचेरीत प्रत्येकाच्या नावावर निदान एक तरी खुलासा होता. खुलासा म्हणजे 'आमच्याकडून चूक झाली, दिलगीर आहोत' अशी आतल्या पानावर कोपऱ्यात छापायची चौकट. टेपरावांच्या नावावर एकही नव्हता. त्यांच्यापाशी मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते ओळख नसलेल्या माणसालाही बसथांब्यावर गाठून सांगत.

आणि मग तो फोन आला. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य साहेबांची मुलाखत टेपरावांनी घेतली होती आणि ती ठळक मथळ्यानं छापूनही आली होती : 'हे पाणी मी माझ्या कुंड्यांनाही घालणार नाही!' सकाळी साहेब संपादकांवर कडाडले, "मी असं बोललोच नाही! खुलासा छापा!"

संपादकांनी टेपरावांना बोलावलं. टेपराव इतके खूश झाले की संपादकांना वाटलं, यांना लॉटरी लागली.

"साहेब, टेप आहे," टेपराव म्हणाले. नवरदेवानं घोड्यावरून बोलावं, तशा आवाजात.

"संध्याकाळपर्यंत आणा. नाहीतर उद्या तुमच्या नावानं खुलासा."

घरी येऊन त्यांनी खोकी उपसली. आता एक अडचण होती. टेपराव कॅसेटवर माणसाचं नाव लिहीत नसत. नाव काय, कोणीही लक्षात ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. ते चिठ्ठीवर त्या दिवशी मनाला काय लागलं ते लिहीत. त्यामुळे खोक्यांत 'चहा गार' अशा बऱ्याच कॅसेट होत्या. 'कुत्रं चावलं नाही पण बघत होतं' अशी एक होती. 'खुर्ची डुगडुगते' हे कुठले तरी बँकेचे अध्यक्ष असावेत.

"आठवा ना, त्या दिवशी काय लागलं मनाला?" जमिनीवर फतकल मारून बसलेल्या बायकोनं विचारलं.

टेपरावांनी डोळे मिटले. "उन्हातून गेलो होतो. घसा कोरडा पडलेला..."

बायकोनं खोक्यातून एक कॅसेट उचलली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'एवढा वेळ बसलो, पाणी विचारलं नाही.'

"पाणीपुरवठ्याचे आहेत हो," ती म्हणाली. "दुसरं कोण असणार!"

टेपरावांनी यंत्रात कॅसेट घातली, बटण दाबलं आणि विजयी मुद्रेनं हाताची घडी घातली. खोलीत आवाज घुमला. टेपरावांचा. ते स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगत होते.

"हे नमनाचं तेल," टेपराव म्हणाले. "साहेब येतील आता."

गुडघा झाला. घरचा नळ पहाटे कसा खोकतो, ते झालं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बादल्या कशा भरून ठेवल्यात, तेही झालं.

"अहो, साहेब कधी बोलणार?"

"हे काय, आत्ता 'हं' म्हणाले की!"

"ती खुर्ची कुरकुरली."

एवढ्यात यंत्रातले टेपराव गरजले, "म्हणजे साहेब, हे पाणी तुम्ही तुमच्या कुंड्यांनासुद्धा घालणार नाही, असंच ना?"

आणि शेवटी साहेबांचा आवाज आला. "हॅ हॅ हॅ! तुम्ही पण ना!"

बायकोनं बटण दाबून यंत्र बंद केलं.

"तरी सांगत होते, टाकून द्या," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच टेपरावांना जास्त लागलं.

संध्याकाळी संपादकांनी टेप ऐकली, खोलीचं दार लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टेपराव, ही सापडली नाही असं समजू. 'आमचा बातमीदार ठाम आहे' एवढं छापतो. ते त्यांच्या घरी, आपण आपल्या."

टेपरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांचं नाव कोरं राहत होतं. टेप पुन्हा खोक्यात गेली की कुणाचा बाप ती शोधू शकणार नव्हता. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"पण साहेब," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "सापडलीय हो ती."

खुलासा त्यांनी स्वतःच लिहिला. सुरुवात गुडघ्यापासून केली होती. संपादकांनी छाटून छाटून एवढाच ठेवला : 'कुंड्यांविषयीचं ते वाक्य साहेबांचं नसून आमच्या बातमीदाराचं होतं. साहेब फक्त हसले होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

सकाळी टेपराव पेपर उलटा धरून बसले होते, तेव्हा घरचा फोन वाजला.

"मी हसलो नव्हतो!" साहेब इतक्या मोठ्यानं ओरडले की बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "पाण्यासारख्या विषयावर हसलात कसे म्हणून वरून विचारणा झालीय!"

टेपरावांच्या जिभेवर बरंच काही आलं. पण कालचा घाव ताजा होता. त्यांनी तोंड मिटलं आणि ऐकत राहिले. नवरा फोनवर गप्प बसलेला पाहून बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

समोर कुणी बोलत नाही म्हटल्यावर साहेबांना बोलावंच लागलं. "आणि कुंड्यांना पाणी घालायचा प्रश्नच कुठे येतो? प्लास्टिकची झाडं आहेत माझी! खरी होती ती या पाण्यानं केव्हाच गेली!"

टेपराव खुर्चीतून ताडकन उठले. यंत्र आतल्या खोलीत होतं. "साहेब, एक मिनिट! एवढं जरा पुन्हा म्हणाल का?"

तिकडे साहेब सावध झाले.

"काय म्हणालो मी?"

"झाडांचं, साहेब."

"कुठली झाडं?" म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

टेपराव हातातल्या फोनकडे बघत राहिले. बायकोनं लाटणं टेबलावर ठेवलं.

"मी ऐकलंय सगळं," ती म्हणाली. "लावा मला चिठ्ठी, आणि ठेवा कुठल्या तरी खोक्यात."