जावयाच्या तपासणीला आलेले तात्या

जावयाच्या वृषणांची चौकशी करायला स्वतः दवाखान्यात गेलेला सासरा पुण्यात दुसरा नसावा. माझे सासरे, तात्या, गेले होते. तेही माझ्याआधी आत शिरले.

तात्या मूळचे धायरीचे शेतकरी. रानात इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांची टोपी आणि बोली बदलली नाही. आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. माझ्या आईने वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, तपासण्यांचा सपाटा लावला होता. सगळे रिपोर्ट चांगले. एका रविवारी तात्या आमच्याकडे जेवताना म्हणाले, "पोरीचं समदं तपासून झालं. आता जावईबापूंचं कधी?"

आईच्या हातातली पोळी ताटात पडली.

"अहो तात्या, मला काय झालंय?"

"तेच तर बघायचं हाय," म्हणत त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

माझी तपासणी झाली, तर शुक्रजंतू कमी निघाले. दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टरांनी हाताने तपासून सांगितलं, "व्हेरिकोसील आहे. डाव्या बाजूच्या शिरा फुगल्यात. त्यांतल्या झडपा नीट मिटत नाहीत. रक्त वर जायच्याऐवजी मागे येऊन साचतं."

"म्हंजी हिरीतल्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गेलाय, पानी मागं पळतंय," तात्या म्हणाले.

डॉक्टर पक्के पुणेरी. "साधारण तसंच. फक्त दुरुस्ती तुम्ही करू नका."

ऑपरेशनचं नाव निघताच मी खुर्ची मागे सरकवली. तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या पोराला असतं तर कापलं असतं का?"

"जंतू चांगले असते, दुखत नसतं, तर हात लावला नसता. इथे जंतू कमी आहेत, फुगलेल्या शिरा हाताला लागतायत, बायकोचे रिपोर्ट उत्तम आहेत. म्हणून केलं असतं. पण मूल होईलच असं लिहून मागू नका. फरक दिसायलाही काही महिने जातात."

बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसलो. तात्या शेजारी टेकले.

"भ्या वाटतंय व्हय?"

"हो."

"वाटू द्या की. पन ठरवा तुमी दोघांनी. आमी फकस्त डबा आनू."

वैशालीला विचारलं, तर ती म्हणाली, "आतापर्यंत सगळ्या सुया मलाच टोचल्या. एखादी तुला टोचली तर मी काही रडणार नाही."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस खालून घट्ट आधार ठेवायला सांगितलं, तर तात्या मंडईतून लालभडक लंगोट घेऊन हजर! वैशाली हसून हसून पलंगावर आडवी झाली. मला हसताही येईना, टाके ओढत होते.

पुढे जंतू वाढले आणि काही काळाने मुलगी झाली. ऑपरेशनमुळेच का, असं विचारल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "असेल." तात्या मात्र म्हणाले, "मोठेपना पोरीला द्या, जावईबापू. नऊ म्हयने तिनं काढलं."

गेल्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. दहाव्याला वैशालीचा चुलतभाऊ मला बाजूला घेऊन कुजबुजला. त्याचं लग्न ठरलं होतं, त्यालाही व्हेरिकोसीलच निघालं होतं आणि कुणीतरी त्याला ऑपरेशन करूनच घे म्हणून घाबरवलं होतं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाही."

"जंतू?"

"नॉर्मल आलेत."

"मग कापायची घाई कशाला? डॉक्टरांना नीट विचारू. मी येतो बरोबर."

माझा आवाज बहुधा चढला असावा. पुढे बसलेले दोन पाहुणे मागे वळले. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. त्यांतला एकजण उठला आणि इकडेतिकडे बघत हळूच आमच्याजवळ येऊन बसला.