काळोखाआधी मोडायच्या ओळी

दिवेलागणीच्या वेळी तुमच्या घरातलं म्हातारं माणूस ‘ते आले’ म्हणत दाराची कडी चाचपू लागलं, तर तुम्ही त्याला काय सांगाल? कोणी आलेलं नाही, हेच ना? कित्येक महिने मीही तेच सांगत होते. आणि खरं बोलतेय म्हणजे बरोबरच वागतेय, असं मला वाटत होतं.

विसूमामाला जाऊन सहा आठवडे झाले. माझ्या आईचा हा थोरला भाऊ. पार्ल्याला घराच्या पुढच्या खोलीत त्याचं पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी. पत्रकं मात्र जिवासाठी. पाणी, घरभाडं, हुंडा... ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याचं पत्रक तो छापायचा. मी बाराखडी शिकले ती त्याच्या छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. मी हुंड्याविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा त्याने त्यातली निम्मी विशेषणं काढून टाकली. म्हणाला, “खरं असेल तर एवढं ओरडावं लागत नाही.” ते वाक्य मी कायद्यासारखं पाळलं.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. दिवसा तो तसा बरा असायचा. चहा प्यायचा, मामीची थट्टा करायचा, पेपर तीनदा वाचायचा. पण ऊन समोरच्या गच्चीवरून उतरलं की त्याचे हात चुळबुळायला लागत. खिडकी लावायची, उघडायची, पुन्हा लावायची. गादीखाली हात घालून काहीतरी शोधायचं, मामीला दहा वेळा विचारायचं, आवरलं का सगळं? डॉक्टर म्हणाले, मेंदू झिजतोय, संध्याकाळी हे वाढतं, यावर औषध नाही. शेजारी म्हणाले, म्हातारचळ. त्या शब्दावरून मी जिन्यात भांडले. पण घरात येऊन मी काय करत होते? रोज त्याच्याशी वाद. कोण येणार, असं विचारलं की तो तोंडावर बोट ठेवायचा. आणीबाणी अजून चालू आहे आणि पोलीस वाटेत आहेत, अशी त्याची खात्री होती. एका संध्याकाळी मी त्या दिवसाचा पेपर त्याच्यापुढे धरला. तारीख बघ मामा, म्हटलं, ती संपून दहा वर्षं होत आली. त्याने कागद बोटांनी चोळला, उजेडाकडे धरला.

“छापलंय ना? छापता मलाही येतं.”

मला हसू आलं. त्याला नाही. तो दाराकडे निघाला आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आदल्याच आठवड्यात तो अनवाणी पार हायवेपर्यंत गेला होता, एका रिक्षावाल्याने आणून सोडला होता. पुढच्या वेळी कोण आणून सोडणार, या धास्तीने मामी दुपारपासूनच दाराकडे बघत बसायची. मामाने माझ्याकडे नीट पाहिलं. “तूच सांगितलंस त्यांना,” म्हणाला.

त्यानंतर दिवे लागले की तो माझ्या हातचं पाणीही घेईना. मी जाऊन एक मोठं कुलूप विकत आणलं, बाहेरून लावायला. तुरुंगांविरुद्ध पत्रकं लिहिणारी मी! मामीने ते हातात घेतलं, आणि तेव्हा कुठे बोलली.

“अगं, सगळंच वेडेपण नाही हे. त्या वर्षी खरंच निरोप आला होता, येताहेत म्हणून. यंत्रावर पत्रक चढवलेलं. यांनी दिवा न लावता त्या ओळी मोडल्या, एकेक खिळा केसमधल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकला. आणि कोणी आलंच नाही. मग रोज संध्याकाळी वाट बघायचे.”

आणीबाणीतही पत्रकं छापणाऱ्या मामाचं धैर्य मी गावभर मिरवलं होतं. त्याची भीती मला माहीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिळ्यांच्या आठ ओळी जुळवल्या. ऊन उतरायच्या आत दिवा लावला, त्या ओळींचा पत्र्याचा ट्रे आणि अक्षरागणिक घरं असलेली खिळ्यांची केस त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, मामा, हे मोडायचं राहिलंय. खोटं होतं का ते? मला अजून ठरवता येत नाही. त्याने उलटी अक्षरं भराभर वाचली. “कोणी जुळवलंय हे? आमच्याकडे दुपारपर्यंतही टिकला नसता तो.” आणि बोटं चालू लागली. माणसांची नावं विसरलेली ती बोटं एकही घर चुकली नाहीत. शेवटचा खिळा पडला, त्याने हात पुसले. “आता येऊ देत,” म्हणाला, आणि मामीकडे चहा मागितला.

रोजच असं झालं नाही. कधी त्याने ट्रे भिरकावला, कधी खिळे वेचता वेचता मामी रडली. माझं नावही त्याला पुन्हा आठवलं नाही. पण एका संध्याकाळी, खूप घाईत असताना, त्याने ट्रे माझ्याकडे सरकवला. हळूच म्हणाला, “तू अर्धं घे. लवकर होईल.”

तो पहाटे झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी आठांतल्या पाच ओळी मोडून झाल्या होत्या. उरलेल्या तीन खिडकीशी ट्रेमध्ये तशाच आहेत. ऊन उतरलं की माझा हात तिकडे जातो... आणि मी तो मागे घेते. कुलूप दाराला कधी लागलंच नाही.

तुमच्या घरात, शेजारात असं कोणी असेल, तर आज ऊन उतरायच्या आत त्याच्याकडे जा. तारीख दाखवू नका, कडी लावू नका. त्याच्या जुन्या माणसांना विचारा, याचं काय आवरायचं राहून गेलं होतं? ते काम त्याच्यापुढे ठेवा, आणि अर्धं तुम्ही घ्या.