बापूंची तलफ आणि माझा फोन

आमच्या खोलीत लोक बिडी-सिगारेट सोडायला येतात आणि जाताना किस्से सोडून जातात. कोल्हापुरातला सरकारी दवाखाना, खोलीत लता सिस्टर आणि मी. माझी शाळा नववीत सुटली, त्यात चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणून माझ्याकडे कामं दोनच: श्वासातला धूर मोजायचं मशीन धरायचं आणि नंतर पेशंटना फोन करून चौकशी करायची.

*

एका रिक्षावाल्या मामांनी मशीनमध्ये फुंकर मारली. दिवा लाल! मामा म्हणाले,

"आयला, रिक्षाची पीयूसी पास आणि डायव्हर फेल!"

*

"रागवायचं नाही, विचारायचं," असं सिस्टर शिकवतात. मी धीर करून एका काकांना विचारलं, "तुम्हाला सिगारेट का सोडायचीय?"

"मला कुठं सोडायचीय? बायको भाईर बसलीया!"

सिस्टरांनी काकूंना आत बोलावलं. काकूंनी मशीन उलटसुलट करून पाहिलं. "व्हय सिस्टर, ह्यात खोटं बोललेलं बी मोजतंय काय?"

*

शिरोळचे बापू आले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बिडीपायी त्यांच्या पायाचं बोट काळं पडत चाललं होतं. "बिडी थांबली तरच बोट वाचायची आशा," असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

सिस्टर म्हणाल्या, "सोडायचा दिवस तुम्हीच ठरवा."

"अमावस्या."

"अहो बापू, चांगला दिवस बघा की!"

"चांगल्या दिवशी काम सुरू करत्यात. हे तर बंद करायचं हाय!"

*

सिस्टरांनी बापूंकडून पाठच करून घेतलं: तलफ आली की घोटभर पाणी प्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात कुणाला तरी फोन करायचा. बापूंनी मलाच धरलं! दिवसाला आठ-दहा फोन. मला तर बोलायला काही सुचेना.

"बोल की रं! गप बसायला माझी म्हस हाय!"

मग मी म्हशीचंच विचारायला लागलो. महिनाभरात मला त्या म्हशीच्या आज्जीपर्यंतची माहिती झाली.

*

पुढं फोन कमी होत गेले. आणि एका सोमवारी एकही नाही. दुपार झाली, मला जेवण जाईना. पेटवली असणार! आता बोटाचं काय? शेवटी मीच फोन लावला.

"बापू, सकाळपासनं फोन नाही... ओढली काय?"

"न्हाय रं. वैरण आणाय गेलतो. चालत! धाच्या धा बोटं घेऊन!"

"मग फोन का नाही केला?"

"तलफ आलीया व्हय तुला? घोटभर पाणी पी. धा मिनिटं थांब. जाती."