दोरी बांधलेली ओटी

नदीची ओटी भरताना नारळाला दोरी बांधू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी नंतर शोधून बघितलं.

आम्ही हायडेलबर्गला राहतो. म्हणजे मी, माझा नवरा मंदार आणि आमची शाळकरी लेक ईरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर गेल्या उन्हाळ्यात आम्ही नेकार नदीच्या काठी, शहरापासून थोडं वरच्या अंगाला, एक लहानसं घर पसंत केलं. कर्ज मंजूर झालं. नोटारकडे, म्हणजे इथल्या खरेदीखत करणाऱ्या वकिलाकडे, सह्यांसाठी मंगळवार ठरला. सगळी कागदपत्रं फायलीत, प्रत्येकावर रंगीत चिठ्ठी. (चिठ्ठ्या मीच लावते. मंदारने एकदा लावल्या होत्या. तेव्हापासून मीच लावते.)

राहिला होता फक्त सासूबाईंचा होकार.

त्या उन्हाळ्यापुरत्या पुण्याहून आल्या होत्या. घर बघून "छान आहे हो" म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. आमच्या सासूबाई विमानात शेजारच्या जर्मन बाईशी मराठीत रात्रभर बोलत आल्या होत्या, त्या गप्प! शेवटी एकदा सकाळच्या चहाला म्हणाल्या, "इथे घर घेतलंत, म्हणजे आता तुम्ही परत येत नाही."

मंदारने चहात धरलेलं बिस्कीट तिथेच मोडून पडलं.

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे रे. असू दे. पण ज्या नदीच्या काठी जन्म काढणार, तिची ओटी भरलीत का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घराचा पाया तपासला होता, छप्पर तपासलं होतं, पुराचा नकाशा बघितला होता. नदीची ओटी राहिली होती!

"मी भरते," सासूबाई म्हणाल्या. "तिने घेतली, तर माझं काही म्हणणं नाही. नाही घेतली, तर तुमचं तुम्ही बघा."

आणि कपातला बिस्किटाचा चिखल चमच्याने काढत माझा कर्तबगार नवरा म्हणाला, "आईचं मन नसेल तर मी सही करणार नाही."

म्हणजे आता आमचं घर एका नारळावर होतं.

तसं बघितलं तर यात घाबरण्यासारखं काय होतं? नदीत टाकलेला नारळ वाहून जातो. तो त्याचा स्वभावच आहे. पण मला भीती होती ती जर्मनीची! या देशात रविवारी, म्हणजे शांततेच्या दिवशी, काचेची बाटली पेटीत टाकायला गेलं तरी समोरच्या आजी खिडकीत येऊन घसा साफ करतात. तिथे भर उन्हाळ्यात, काठावर अर्धं गाव लोळत असताना नदीत नारळ टाकायचा? मी दोन सरकारी कचेऱ्यांत फोन करून विचारलं. एकीकडे दुसरीचा नंबर मिळाला, दुसरीकडे पहिलीचा.

मग मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. खण नाही, बांगड्या नाहीत, प्लॅस्टिक तर नाहीच. तांदूळ, हळदकुंकू, सुपारी आणि नारळ, बस्स. (इथल्या सुपरमार्केटातला नारळ सासूबाईंनी "हा काय टकला!" म्हणून नापास केला. शेंडीवाला शोधायला मला तमिळ माणसाच्या दुकानापर्यंत जावं लागलं.) आणि हे कुणालाही न सांगता ठरवलं, की बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपांना बांधतो ती हिरवी दोरी नारळाच्या शेंडीत लपवून बांधायची. सासूबाई डोळे मिटून नमस्कार करतील, तेवढ्यात नारळ हळूच ओढून पिशवीत घालायचा. नदीचाही मान राहिला, नियमही पाळला, नारळही वाया गेला नाही. मला माझं इतकं कौतुक वाटलं, की त्या रात्री गाढ झोप लागली!

शनिवारी निघालो. आधी किल्ला. सासूबाईंनी भिंतींना पडलेली भगदाडं बघितली. "अगं, हा पडलेलाच आहे की! तिकीट कशाचं?" तळघरात ते प्रसिद्ध लाकडी पिंप, घराएवढं, एकेकाळी दारूने भरलेलं. त्याच्याकडे मान वर करून बघत त्या म्हणाल्या, "म्हणूनच पडला असेल." मग जुना पूल. पुलाजवळ ब्राँझचं माकड आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. सासूबाईंनी चपला काढून नमस्कार केला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जपानी जोडप्यानेही चपला काढल्या. इथपर्यंत दिवस अगदी आखल्यासारखा चालला होता.

दुपारी पायाने चालवायची होडी घेतली. निळी, चार जणांची. पुढे मंदार आणि ईरा पायडल मारायला, मागे मी आणि सासूबाई. इरकल साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून त्या अशा बसल्या होत्या, की जणू नौदलाची पाहणी करायला निघाल्यात. दोरीचं दुसरं टोक मी आमच्या बाकाखालच्या कडीला दोन गाठी मारून बांधलं.

नदीच्या मध्यावर सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले, सुपारी सोडली आणि नारळाला कुंकू लावून तो दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. तो डुबुक करून खाली गेला आणि शेंडी वर करून परत आला. त्यांनी डोळे मिटले.

"माते, माझा मुलगा, सून, नात तुझ्या काठी राहायला आलेत. मी काही इथे नसणार. त्यांना सांभाळून घे गं बाई."

मी डावा हात छातीशी धरला. उजवा हात मात्र दोरी ओढत होता.

दोरी येईना! ती होडीच्या खाली कशात तरी अडकली होती. मी हळू ओढली, मग जोरात ओढली, मग पाय लावून ओढली. सासूबाईंनी डोळे उघडले. नारळ हातभर अंतरावर आमच्याकडे बघत होता.

"हा अजून इथेच?"

"जाईल हो आई. नदी संथ आहे."

"मंदार, जरा पुढे घे रे होडी. तिला मोकळीक दे."

मंदारने होडी पुढे घेतली. नारळही पुढे आला.

"अगं, हा येतोय!"

"प्रवाह असेल, आई."

"प्रवाह तिकडे चाललाय, हा इकडे कसा येतो? मंदार, जोरात!"

मंदार आणि ईरा जिवाच्या आकांताने पायडल मारायला लागले. होडी जितकी जोरात, नारळ तितका जोरात! आम्ही वळलो, तोही वळला. आम्ही थांबलो, तर तो येऊन होडीवर टक् करून आपटला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ती घेत नाहीये, शुभा. ती परत करतेय!" पुढून मंदारने मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि मंगळवारची सही त्याच्या चेहऱ्यावरून पुसली जाताना मला स्पष्ट दिसली.

आता बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? 'आई, तुमच्या देवीला मी बांधून ठेवलंय'?

एवढ्यात पाण्यावरच्या तांदळाची बातमी बदकांना लागली. बदकांनी हंसांना सांगितली. बघता बघता पुढे आमची होडी, मागे शेंडी उडवत नारळ आणि त्याच्या मागे कलकलाट करणारी पक्ष्यांची रांग, अशी वरातच निघाली! काठावरच्या हिरवळीवर ऊन खात पडलेले लोक उठून बसले. त्यांना दिसत काय होतं? एक होडी पळत सुटली आहे, तिच्यामागे पाण्यात एक काळंभोर केसाळ डोकं खालीवर होतंय, त्याच्या कपाळाला लाल लागलंय आणि होडीतल्या म्हाताऱ्या बाई ओरडतायत!

कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी किंचाळलं. ईराने तोंड ओंजळीत लपवलं. "ममा, दास इस्ट सो पाइनलिश!" (इतकी लाज कुठल्याच आईने आणली नसेल, असा एकंदर अर्थ.)

काठाकडून जीवरक्षकांची मोटारबोट सुसाट आली. लाल चड्डीतल्या एका तरुणाने सूर मारला, त्या डोक्याला मागून मिठी घातली, ते पाण्याच्या वर राहील असं छातीशी धरलं आणि पाठीवर पोहायला लागला. चार हात मारल्यावर त्याला संशय आला असावा. त्याने नारळ दोन्ही हातांनी वर उचलला. हिरवळीवरचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

आणि नारळाच्या शेंडीपासून पाणी निथळत हिरवी दोरी वर आली. हळूहळू ताणली गेली. थेट आमच्या होडीपर्यंत, थेट माझ्या बाकाखाली.

सासूबाईंनी नजरेने दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली.

"शुभा."

"हो, आई."

"ही टोमॅटोची ना?"

जीवरक्षकांनी होडीसकट आम्हाला ओढून हिरवळीच्या काठाला लावलं. त्यांच्या प्रमुख बाई पांढऱ्या केसांच्या, उन्हाने रापलेल्या. मी माझ्या उत्तम जर्मनमध्ये ओटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नारळ फिरवून फिरवून बघितला.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, "नारळाचं मला काही वाटत नाही. फळ आहे. पण दोरी? पक्ष्यांच्या पायात अडकते! दोरी अजिबात चालणार नाही. ताबडतोब काढा."

म्हणजे बघा! सगळ्या प्रकारात नियमात न बसणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी नियमासाठी आणली होती.

सासूबाई गवतावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले.

"आई, नदीने परत नाही केला हो. मी धरून ठेवला होता. मला वाटलं, कचरा केला म्हणून कुणी बोलायला नको... तुम्ही माझ्यावर रागवा, पण तो राग घरावर नका काढू."

त्यांचे खांदे हलायला लागले. मंदार घाबरून धावत आला. "आई, रडू नकोस गं!"

सासूबाई रडत नव्हत्या. लाइफ जॅकेटमध्ये हसू मावेना म्हणून त्या त्याचा पट्टा सोडत होत्या!

"अरे, मला रोज रात्री एकच घोर होता. एवढ्या लांब, परक्या मुलखात, माझ्यामागे माझ्या मुलाचं घर कोण धरून ठेवणार? आणि ही बाई!" त्यांनी पदराने डोळे टिपले. "देवीला दिलेला नारळ हिच्या हातून सुटत नाही, ती घर सोडेल होय? कर बाबा सही. डोळे मिटून कर."

मंदारने आईला मिठी मारली. मी दोघांना मारली. ईराही आली, चारी बाजूंना ओळखीचं कुणी नाही याची खात्री करून.

मग ओटी पुन्हा भरली. विनादोरीची. सासूबाई घोटाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी नारळ सोडला. तो स्वतःभोवती एकदा फिरला, क्षणभर थांबला (मी पर्स घट्ट धरली) आणि प्रवाहाला लागून ऐटीत पुलाखालून निघाला. हिरवळीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल चड्डीतल्या तरुणाने त्याला हात हलवून निरोप दिला. शेवटी त्यांची जवळची ओळख झाली होती.

"घेतली बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता. माझाही झाला असता, पण त्यांनी कपाळावर हात धरून लांब बघितलं.

"अगं, नारळाच्या मागून ती निळी होडी कुणाची चाललीये? आत कुणी दिसत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. काय सांगू? दोरी ताबडतोब काढा, असं प्रमुख बाईंनी मला बजावलं होतं, आणि एकदा नियम सांगितला की मी तो अर्धवट पाळत नाही. मी एकूण एक दोरी काढली होती. टोमॅटोची नारळापासून सोडली, बाकापासून सोडली आणि होडी काठाला बांधली होती ती तर सगळ्यात आधी काढली. दोन्ही दोऱ्या नीट गुंडाळून माझ्या पर्समध्ये होत्या.