साकोली ते मालवण: वंदना वर गेली, मी खालीच राहिले

साकोलीच्या बसस्टँडवर मी तिसऱ्यांदा बॅग उघडून तिकिटं पाहिली, तेव्हा वंदना म्हणाली, "आता उघडली तं बॅगच फेकून देईन."

वंदना दिघोरीची. धानाची शेती करते, लहानपणापासून गावच्या तलावात पोहलेली. धान निघालं, चुरणं म्हणजे मळणीही आटोपली आणि तिचा फोन आला, "समुद्राच्या खाली जाऊ. काहून भेतेस? मी आहो ना!" मी शाळेत शिकवते, मला पोहता येत नाही. तिसरी रेखा, आमची वर्गमैत्रीण, फक्त बोटीत बसायच्या अटीवर आली.

नागपूरहून कुडाळला थेट गाडी रोज नसते, तेव्हा तिकीट आधीच काढा. दिवसभराहून जास्त प्रवास. मी दर स्टेशनला दारापर्यंत जाऊन येत होते. कुडाळहून मालवण एसटीने तासाभरावर. जेवणात सुरमई आणि सोलकढी. मी ताट बाजूला सरकवलं, तर माझी सुरमईही वंदनानंच संपवली.

सकाळी स्कूबा डायव्हिंगची बोट निघाली. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रत्येकीसोबत एक प्रशिक्षक असतो. दर आणि फोटोंचं मात्र बोटीत चढण्याआधीच ठरवून घ्या. माझा प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, श्वास अजिबात धरून ठेवूचो नाय. तोंडान घ्या, तोंडान सोडा." अंगठा वर म्हणजे 'वर चला', आणि बोटांचं गोल कडं म्हणजे 'ठीक'.

आम्ही दोघी एकदमच खाली गेलो. कान दुखले, नाक दाबून फुंकल्यावर मोकळे झाले. मग खडकावरचं प्रवाळ दिसलं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थेट चेहऱ्यासमोर आले, हिरवा-निळा पोपटमासा खडक कुरतडत होता. त्याचा करकर आवाजसुद्धा ऐकू येत होता!

शेजारी पाहिलं तर वंदनाच्या तोंडातून बुडबुडेच येत नव्हते. तलावातली सवय, तिनं श्वास रोखून धरला होता. मग ती हातपाय झाडू लागली. तिच्या प्रशिक्षकानं तिला धरून सावकाश वर नेलं. माझ्या प्रशिक्षकानं अंगठा वर करून मला विचारलं.

मी बोटांचं कडं केलं. खालीच राहिले.

वर आले तेव्हा वंदना टॉवेल गुंडाळून बसली होती. रेखा तिची पाठ चोळत होती. "पाहिले मासे?" वंदनानं विचारलं. मी "हो" म्हटलं. परतताना ती बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याआधी तयार होती. या वेळी बोटीवर थांबले मी. पाण्यावर बुडबुडे दिसले की मी बसायचे, ते थांबले की उठायचे. खूप वेळानं तिचं डोकं वर आलं. तोंडातली नळी काढून ती ओरडली, "आपल्या तलावात नुसतं पाणीच दिसते ना वं! इथं पाणी सोडून सारं दिसते!"

घरी येऊन पंधरा दिवस झाले. शाळेत मुलांना मासे काढून दाखवले, पण ते कडं काही डोक्यातून जाईना. शेवटी काल दिघोरीला गेले आणि तिला सांगितलं, "मला वर यायचं का म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"मालूम आहे मले. तुले खाली नेणाऱ्या पोट्ट्यानं सांगतलं बोटीवरच." ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. "तू वर आली असती तं मी तुझ्यासंगं गुमान घरी आली असती. तू खाली रायली, म्हणून राग आला. त्या रागानंच गेली ना मी दुसऱ्या दिवशी!"

ती हसली. मीही हसले. पण राग गेला का, हे मी विचारलं नाही.