सायबांनी घेतलेली सुकट

सुधीरसायब गेले ही बातमी मला गाडीखाली मिळाली. म्हंजे गॅरेजात मी गाडीखाली उताणा पडलेलो. मेकॅनिक बिचारा सांगत होता, मामा तुम्ही बाहेर बसा, पण मला सगळ्यातलं कळतं हे दाखवायची खोड आहे ना. फोन वाजला. अनघावहिनी होत्या, सायबांच्या मिसेस. "शांताराम, हे गेले," एवढंच बोलल्या. आणि मी विचारलं, "कुठं?" ...असा मी. मग कळलं, आणि घाईत उठायला गेलो तर कपाळ गाडीला आपटून हे एवढं टेंगूळ आलं. मयताला आलेली माणसं सायबांचं राहू दे, मलाच विचारत होती की तुला काय झालं.

ऑफिसातल्या जुन्या पोरांना फोन लावायचं काम माझ्यावर आलं. जन्मभर मस्करी केल्यावर काय होतं ते त्या दिवशी समजलं. प्रसाद म्हणाला, "मामा, सकाळी सकाळी नको." मी शपथ घेतली तेव्हा त्यानं फोन ठेवला. रूपालीनं नुसतं "बरं" म्हटलं. येते बोलली नाय, येत नाय असंही बोलली नाय. दोघंही आले नाहीत. अनघावहिनींनी दाराकडं दोनचारदा बघितलं. कोणाची वाट बघतायत ते मला माहीत होतं, आणि ते दोघं का आले नाहीत तेही. त्या दोघांच्या मनात सायब जेवढे वाईट बसलेत तेवढे ते नव्हते, एवढंच मला सांगायचंय. मी बोलतो, माझी पोरगी लिहून घेते. मी चौथी नापास. सही करतो, पण ती दरवेळी वेगळी येते.

सुधीरसायब पुण्यात मोठ्या कंपनीत होते. ते सोडून रत्नागिरीत आले आणि एका दुकानावरच्या माळ्यावर कंप्युटर मांडून बसले. म्हणायचे, आपली पोरं शिकतात आणि लगेच मुंबई-पुण्याची वाट धरतात, इथंच काम का नको? पण आईबापांना पटायचं नाय. माळ्यावरची कंपनी, तीही रत्नागिरीत... म्हणून सायब प्रत्येकाच्या घरी जायचे. मी गाडी चालवायचो, ते माझ्या शेजारी डाव्या सीटवर. मागं कधी बसले नाहीत. पाय लांब, म्हणून ती सीट पार मागं सरकवलेली. घरी गेले की ओटीवर बसायचे, पाणी प्यायचे, आजीची गुडघेदुखी ऐकून घ्यायचे आणि मग शेवटी पोराच्या कामाचं बोलायचे. असंच त्यांनी खेडच्या बाजूच्या प्रसादला आणलं. असंच हर्णेच्या रूपालीला.

ऑफिसात कोणी कोणाला सर म्हणायचं नाय, नावानं हाक मारायची, असा त्यांचा नियम. मला जमेना. चार दिवस मी त्यांना हाकच मारली नाय, नुसता हॉर्न वाजवायचो. मग माझ्यापुरतं 'सुधीरसायब' चाललं. शुक्रवारी सगळी गोल बसायची आणि ज्याला जे खटकलं ते तोंडावर बोलायचं. एकदा रूपाली सायबांना बोलली की तुम्ही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. दुसरा कोणी असता तर तिला बघून घेतलं असतं. पुढच्या शुक्रवारी सायब तोंडावर हात ठेवून बसलेले. माझ्याबद्दल तक्रार एकच असायची, मामा फार बोलतात. आणि माझ्या डब्यात बांगडा असला की सायब गाडीची काच हळूच खाली करायचे. त्यांना अंड्याचा केकसुद्धा चालायचा नाय. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की आधी विचारून घ्यायचे.

मग बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं आमची कंपनी घेतली. मला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, त्यावर माझा इंग्लिश हुद्दा, मोबिलिटी असोसिएट. बायको शेजारी सांगून आली की हे आता मोबाईल दुरुस्त करतात. शुक्रवारचं गोल बसणं गेलं. त्याच्या जागी भिंतीवरच्या पडद्यावर एक मॅडम यायच्या आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगायच्या. पोरं पडद्याकडं बघून हसायची, अंगठे दाखवायची. बोलायचं कोणीच नाय. कुटुंबात एवढी शांतता मी पहिल्यांदा बघितली. लॉकडाउनपासून निम्मी पोरं आपापल्या घरून काम करायची, ती तर पडद्यावरचे चौकोनच झाली. सायब पण बदलले. गाडीत बसले की फोनमधे बघत राहायचे आणि उतरायचं ठिकाण आलं तरी उतरायचे नाहीत.

दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, उद्या लवकर निघू, पोरांना भेटून येऊ. मला वाटलं फिरायला. मी नवीन शर्ट घातला, घडीच्या टाचण्या काढायच्या राहिल्या, खेडपर्यंत टोचत होत्या.

प्रसादच्या घरी गेलो तर खळ्यात खुर्च्या मांडलेल्या. सायब मागं आले होते तेव्हा पोराला नोकरी देऊन गेले होते, म्हंजे आता बढती द्यायला आले असणार, असा त्याच्या वडिलांनी हिशोब केलेला. सारा जन्म मुंबईत हॉटेलात काढलेला माणूस, दोन शेजारी बोलावून ठेवले होते, हे बघा प्रसादचे सायब म्हणून. आणि तिथंच प्रसादसाठी बघितलेल्या मुलीचे वडील येऊन बसलेले. चहा झाला. सायब दोनदा खाकरले, दोनदा काही नाही म्हणाले. मग त्या मुलीच्या वडिलांनीच विचारलं, "सायब, तुमच्या तोंडून ऐकलं की आमी निर्धास्त. नोकरी पक्की ना?"

सायबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पोरगा पक्का आहे."

सगळी खूश. मी तर म्हणालो, लग्नाच्या वरातीला गाडी माझी, डिझेल सायबांचं. सगळे हसले. सायब चपला शोधत होते, त्या पायातच होत्या.

हर्णेला पोचलो तेव्हा रूपालीची आई मासळीच्या लिलावाला जायच्या तयारीत, टोपल्या दारात. आम्हाला बघून तिनं टोपल्या परत आत नेल्या. "जेवल्याबिगर जायाचा नाय सायबानू," म्हणाली. रूपालीनं कानात सांगितलं असणार, कारण चुलीवरचं कालवण बाजूला गेलं आणि सायबांसाठी कुळथाचं पिठलं आलं. कालवण मी एकट्यानं संपवलं, ते वेगळं. रूपालीची आई सांगत होती, लोक म्हणायचे पोरीला शिकवून काय करणार, शेवटी टोपलीच उचलायची. आता तीच लोकं आपल्या पोरींना रूपालीकडं पाठवतात विचारायला. सायब ऐकत होते. एकदाच म्हणाले, "ताई, मी एक सांगायला..." तर ती म्हणाली, "आधी जेवा, मग सांगा." जेवणानंतर त्यांनी सांगितलंच नाय.

निघताना तिनं सुकटीची पुडी आणली, फडक्यात बांधून वर जाळ्याच्या निळ्या दोरीची गाठ मारलेली. रूपाली लाजली, "आई, ते खात नाहीत." आई म्हणाली, "म्हाईत हाय. घरात कोन तरी खात आसंल. रिकाम्या हातानं पाठवायचा नाय." मला वाटलं आता सायब पुडी माझ्याकडं देणार, मी हात पण पुढं केला. तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मांडीवर ठेवली. रूपाली त्यांच्याकडं बघत राहिली, अशी की हा माणूस कोण आहे.

येताना समुद्राकाठच्या रस्त्यानं आलो, दोन फेरीबोटी ओलांडून. पुडी मांडीवरच. वास असा की फेरीवरची मांजर आमच्या गाडीला सोडेना, आणि सायबांनी काच खाली केली नाय. आरे-वारेला ऊन उतरत होतं, तिथं गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. समोर पाण्याकडं बघत म्हणाले, "शांताराम, मला तुझ्या घरी पण यायचंय."

मी म्हणालो, या की, बायकोला सांगतो, तुमच्यासाठी घावणे आणि माझ्यासाठी शिव्या. मग बायकोच्या गमती सुरू केल्या, सासऱ्याची सांगितली, म्हशीची सांगितली. ते मान हलवत होते. मधेच तोंड उघडत होते आणि मी पुढची गोष्ट काढत होतो. शुक्रवारी गोल बसून पोरं माझ्याबद्दल जी तक्रार करायची ना, ती खरी होती. शेवटी म्हणाले, "चल." पुडी समोरच्या कप्प्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसादचा कंप्युटर उघडला नाही. रूपालीचा उघडला, पण पडद्यावरच्या मॅडम बोलून संपेपर्यंत तोही बंद झाला. आणि मी दाराला माझं कार्ड लावलं तर लाल दिवा. मी वॉचमनला म्हणालो, माझं तोंड बघून लाजला असेल. वॉचमन हसला नाय. तेव्हा कळलं, कामावरून काढलेला तिसरा मी.

सायब जिना उतरून खाली आले. मी म्हणालो, आज तुम्ही चालवा, मी डावीकडं बसतो. ते पायरीवर बसले. त्या दुपारी रूपालीनं सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, माझ्या पोरीनं मला वाचून दाखवलं. आमच्या घरी जेवून गेलात, आईनं लिलाव सोडला तुमच्यासाठी, आणि तुमच्या तोंडातून शब्द निघाला नाही... प्रसादचं लग्न मोडलं नाय, पण पुढं गेलं ते गेलंच.

काही महिन्यांनी सायबांनीही ती कंपनी सोडली. कंपनीनं गाडी विकायला काढली तेव्हा मधे पडून ती मला घेऊन दिली. मी स्टँडसमोर प्रवासी भरायला लागलो. सायब अधूनमधून येऊन डाव्या सीटवर बसायचे, पेपर उघडायचे, वाचायचे नाहीत. एकदा आपणहून बोलले. वरून ताकीद होती, कोणाला आधी सांगायचं नाही, सकाळी सगळं एकदम होईल. "मला ते जमेना. ज्या ओटीवर बसून माणसं मागितली, त्याच ओटीवर बसून सांगायला हवं. सगळं पाठ करून निघालो होतो. पण प्रत्येक घरात माझ्या आधी त्यांचा आनंद येऊन बसलेला... शांताराम, न जाता फोन केला असता तर बरं झालं असतं. मी जाऊन जास्त वाईट केलं."

मी म्हणालो, मी जाऊन सांगू का त्यांना? नको म्हणाले. आता सांगितलं तर बहाणा वाटेल. मग मी कप्प्यातली पुडी दाखवली, हिचं काय करायचं? म्हणाले, "राहू दे. ती परत द्यायला जायचंय मला. तेव्हा सांगीन." त्याला पण धीर जमवावा लागतो. तो जमवता जमवता गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. त्यांचं शिक्षण जास्त, मी काय बोलू.

परवा रूपालीचा फोन आला. ती आता चिपळूणला एका दुकानात बिलं करते. इकडचं तिकडचं बोलली आणि मग थांबली. "मामा," म्हणाली, "त्या दिवशी ते सांगायलाच आले होते ना? ते केकसुद्धा विचारून खायचे. आईची सुकट का घेतली त्यांनी?"

मला दर वेळी काहीतरी सुचतं. तेव्हा मी फोन नुसता या कानावरून त्या कानाला लावला. ती म्हणाली, कळलं मला, आणि अनघावहिनींकडं न्याल का म्हणून विचारलं.

काल ती बसनं आली, मी स्टँडवरून घेतलं. डाव्या सीटवर बसली. सीट पार मागं सरकवलेली, तिचे पाय धड टेकत नव्हते, पुढं सीटच्या कडेला बसली होती. गाडीत वास आहेच, प्रवासी रोज नाकाला रुमाल लावतात, मी सांगतो इंजिनाचा आहे. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, मग हात पुढं करून कप्पा उघडला. फडकं. वर निळी दोरी, तिच्या आईच्या हातची गाठ, न सोडलेली. तिनं गाठीवर बोट फिरवलं आणि कप्पा लावून टाकला.

मी म्हणालो, सीट पुढं घेऊ का गं, पाय लटकतायत तुझे.

"असू दे मामा," ती म्हणाली, आणि वहिनींच्या घरापर्यंत तशीच कडेला बसून आली.