देवमाशाच्या दर्शनाला

उज्जैनमध्ये देवमासे नाहीत.

ही तक्रार नव्हे. माधव नगरातल्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे एवढं मला माहीत आहे. दर वर्षी मी तोच जुना तक्ता फळ्यावर टांगते आणि देवमासा हा मासा नाही, तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, हे मुलांना हिंदीतून सांगते. तक्त्यावरचा देवमासा आता उन्हानं पिवळा पडलाय. आणि दर वर्षी तो तक्ता गुंडाळताना माझा जीव कासावीस होतो. मला खरा बघायचा होता. त्याचा तो श्वास एकदा माझ्या कानांनी ऐकायचा होता. लग्न झाल्या झाल्या ही इच्छा मी नवऱ्याच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं मला क्षिप्रेच्या रामघाटावर नावेत बसवून आणलं! (वर भुट्टाही खाऊ घातला.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र आमचे हे, म्हणजे सतीश, ऑफिसातून आले ते छाती फुगवूनच.

"बुकिंग करून टाकलं! कारवारच्या बाजूला एक मोठी नाव आहे. तीन दिवस समुद्रात फिरवतात, पक्षी दाखवतात, देवमासे दाखवतात. झोपायचं पण नावेतच. तिघांचं करून टाकलं."

"तिघांचं? तिसरं कोण?"

"आई. ती बोलली, मी काय घरी बसून राहू?"

सासूबाई चांगल्या आहेत हो, पण त्यांची एक सवय मला माहीत होती. महाकालाच्या मंदिरात आम्ही दोन-दोन तास रांगेत उभं राहतो. सरकत सरकत एकदाचे समोर पोचतो. मागून "चलो, आगे बढ़ो!" चालूच असतं, दर्शनाला मिळतात जेमतेम दोन क्षण, आणि नेमक्या त्याच दोन क्षणांत आई हात जोडून डोळे मिटतात!

"आई, अहो, बघायला आलो ना आपण?"

"हात जोडले की डोळे आपोआप मिटतात ग. तुझे नाही मिटत?"

"बिलकुल नाही!" (मला विज्ञान येतं.)

म्हणून नानाखेड्याच्या बसस्टँडवर इंदूरची बस धरली तेव्हापासूनच मी आईंची शिकवणी सुरू केली. बसमध्ये, मग ट्रेनमध्ये, शेव खाता खातासुद्धा.

"आई, देवमासा दिसला की काय करायचं?"

"डोळे उघडे ठेवायचे."

"आणि हात?"

"कठड्यावर. अग, पाठ झालं आता! माझी काय परीक्षा घेऊन राहिली आहेस?"

नाव किनाऱ्यापासून सुटली आणि पहिल्याच तासात सतीश आडवे झाले. वीज खात्यात खांबावर चढलेला हा माणूस! पण लाटेपुढे त्यांचं काही चालेना. एका हातात बादली, दुसऱ्या हातात माझा पदर, आणि तोंडी एकच पालुपद, "मी तर बोललोच होतो, रामघाट बेस्ट आहे!" मी त्यांना लिंबू चोखवत खाली बसले होते, तेवढ्यात वरून आमचे गाइड पेडणेकर ओरडले, "डावीकडे! डॉल्फिन! अख्खा कळप!" मी लिंबू टाकून धावले. वर पोचले तर नुसतं पाणी.

"गेले ग," आई म्हणाल्या. त्यांनी आपली उज्जैनची भैरवगढी छाप्याची चादर खांद्यावर घेतली होती, हात कठड्यावर होते आणि डोळे हे एवढे मोठे. शिकवणी वाया गेली नव्हती.

पक्षी मात्र मी पाहिले. पेडणेकर नावेमागे माशाचं तेल ओतायचे आणि त्या वासावर कुठून कुठून पाखरं यायची. (आईंनी नाकाला पदर लावला, पण जागा सोडली नाही.) एक तर चिमणीएवढंच काळं पाखरू. पाय लोंबते ठेवून लाटेवर चालल्यासारखं करायचं. पेडणेकर म्हणाले, हे वर्षातला बहुतेक काळ जमीन बघतच नाही. माझे डोळे भरून आले. मी जन्मभर समुद्र नाही बघितला आणि हे जमीन नाही बघत! आमची कुठेतरी अदलाबदल झाली असावी असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

देवमासा काही येईना. दुसरा दिवस कोरडा गेला. कोणी "ते काय!" म्हणालं की मी धावायची, आणि तो कधी वाहत आलेला पिंप निघायचा, कधी लाटेची सावली. तिसऱ्या दिवशी दुपारी नाव परतीला लागली आणि मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. आता परत तक्ता, परत सातवी. सतीशना माझा चेहरा बघवेना. बिचारे बादली ठेवून, भिंत धरत धरत वर आले आणि त्यांनी मोबाइल काढला.

"टेन्शन नको घेऊस. दिसेल. आणि दिसला की मी तुझा चेहरा शूट करतो. एवढ्या वर्षांचं स्वप्न आहे, रिॲक्शन तर पाहिजे!"

त्यांचं वाक्य संपतंय तोच पेडणेकर किंचाळले, "समोर! समोर फवारा!"

अगदी नावेजवळ पाणी उडालं. नानाखेड्याला बसचा ब्रेक सुटताना होतो तसा, पण त्याच्या शंभरपट खोल आवाज झाला. तोच श्वास! समुद्र वर उचलला गेला, काळं काहीतरी चमकायला लागलं…

आणि मी हात जोडले.

हात जोडले की डोळे आपोआप मिटतात.

बरं, डोळे मिटले की माझी प्रार्थनाही आपोआप चालू होते, आणि ती जरा लांब आहे. परगावी असलेल्या आमच्या मुलाची नोकरी टिकू दे. ह्यांचं बीपी आटोक्यात राहू दे. आईंचे गुडघे सांभाळ. इथे कोणीतरी मला कोपरानं ढोसलं. रांगेतलाच धक्का समजून मी सवयीनं कठड्याच्या कडेनं दोन पावलं पुढे सरकले आणि प्रार्थना पूर्ण केली, "आणि देवा, घरी जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, देवमासा दिसू दे!"

डोळे उघडले. समोर समुद्र पसरला होता. एकदम सपाट.

"अग, शेपटी केवढी होती!" आई रडत होत्या. "पाहिलीस ना? तू शिकवलंस तसंच केलं बघ. पापणीसुद्धा नाही हलवली मी! तुला ढोसलं पण, तर तू पुढेच सरकलीस!"

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. तो परत वर आला नाही.

"अहो, व्हिडिओ!" मला एकदम आठवलं. "व्हिडिओ तर आहे ना!"

होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी होते. मिटलेले डोळे, जोडलेले हात, पुटपुटणारे ओठ. मागे बाकीचे लोक नाचत होते.

"आणि तुम्ही? तुम्ही तरी पाहिला?"

"मी कुठे?" सतीश म्हणाले. "मी तर तुलाच बघून राहिलो होतो."

एवढा समुद्र, त्यात एवढा मोठा देवमासा, आणि हा माणूस माझ्याकडे बघत होता! रागवावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही उरकून घेतलं.

आता संध्याकाळी चहा झाला की मी आईंच्या पलंगाशी जाऊन बसते. "आई, सांगा ना परत. पाठ कशी होती? आणि शेपटी?" त्या सांगतात. देवमासा आधी नावेएवढा होता, तो परवा बसस्टँडएवढा झाला. मला चालतं. श्वासाचा आवाज तेवढा मीच त्यांना करून दाखवते, तो माझा स्वतःचा आहे. महाकालासमोरही आई हल्ली डोळे टक्क उघडे ठेवतात आणि मागच्याला दटावतात, "रुको भैया, देखने दो!" मी शेजारीच असते. काय दिसतं ते त्या मला बाहेर आल्यावर सांगतात.

परवा सातवीत तो धडा आला. मी तक्ता टांगला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"मैम, आपने असली वाली देखी है?"

"बेटा, बिलकुल सामने थी. इतनी पास!"

अख्खा वर्ग पुढे सरसावला. "फिर मैम, दिखती कैसी है?"

मी तक्ता गुंडाळायला घेतला.

"वो," मी म्हणाले, "मेरी सास से पूछना पड़ेगा."